अठरा मिनिटांचा जॉब

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.४०. गाळा.

आधी माफी. डायरी एक जानेवारीला उघडायची असते, मी तीन फेब्रुवारीला उघडतो आहे. पण उशीर माझ्यामुळे झालेला नाही. जानेवारीत चष्म्याची काडी तुटली. ती जोडली तर पेन सापडेना. आणि खरं म्हणजे लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. जे घडायचं ते या महिन्यात घडणार आहे. त्याची नोंद ठेवायला एक तरी जाणता माणूस हवा. या गाळ्यात तो मी आहे.

गाळा भांडुपला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या तळमजल्यावर. छत्तीस वर्षं माझा. त्याआधी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. शिक्षण आठवी, म्हणजे सातवी पास. सगळे मला मेस्त्री म्हणतात. हर्षद, माझा मुलगा, विम्याच्या ऑफिसात बसतो. ग्रीसचा वास आला की त्याला शिंका येतात. त्यामुळे चार वर्षं गाळा सून चालवते. अक्षता. डिप्लोमा झालेली आहे. हुशार आहे, पण अनुभव नाही. तो मी पुरवतो.

आत शिरलो तर कूलंटचा वास. रविवारभर मशीन बंद राहिलं की टाकीतलं पाणी कुजतं आणि सोमवारी नासक्या अंड्यासारखा भपकारा येतो. नितेश, आमचा ऑपरेटर, त्याच वासात वडापाव खात उभा होता. बघूनच मला मळमळलं. मेस्त्री, अर्धा घ्या, म्हणाला. घेतला. चटणी बेचव.

काम असं: अंधेरीची एक कंपनी रक्त तपासायची मशीनं बनवते. त्यात बसणारा ॲल्युमिनियमचा डबा आपण करायचा. शाळेच्या डब्याएवढा असतो, पण भरीव ठोकळा आतून कोरून काढायचा. आज एका डब्याला एकतीस मिनिटं लागतात. कंपनी म्हणते अठराच्या आत द्या, तर दोन वर्षांचं काम तुमचं.

नाहीतर? काल जेवताना अक्षताने भात वाढता वाढता सांगितलं. नाहीतर चाकणची नोकरी घेते, हर्षदला पुण्याला बदली मिळते आहे, निधीची शाळा तिकडेच. गाळा भाड्याने देऊ. फरसाणवाला विचारून गेला आहे.

म्हणजे माझ्या मशीनच्या जागी शेव गाळणार. रात्रभर त्या तेलाचा वास नाकात होता.

संकल्प: हे काम मी अठरात बसवून देणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी.

अक्षताने नवी पद्धत काढली आहे. हाय स्पीड मिलिंग. नाव ऐकूनच मला कळलं काय ते: घाई.

आमची पद्धत अशी की कटर पूर्ण रुंदीने मालात घालायचा, पण खोली थोडी, थरावर थर, सावकाश. जसा माणूस विहीर खणतो. हिची पद्धत उलटी. कटर एकदम पूर्ण खोल उतरवायचा, पण बाजूने माल घ्यायचा जेमतेम एक मिलिमीटर. मिनिटाला बाराशे नाही, बारा हजार फेरे. आणि टेबल असं धावतं की मशीनला कुत्रं मागे लागलं आहे असं वाटावं. कोपऱ्यात कटर थांबत नाही, गोल गोल वळसे घेत आत शिरतो.

आवाज किळसवाणा. उंदराच्या पिल्लाला चिमट्यात धरल्यासारखा. मी कानात बोटं घातली. नितेश हसला.

जॉब, म्हणजे कोरलेला डबा, निघाल्यावर अक्षता म्हणाली, बाबा, हात लावून बघा. लावला. गार. ती म्हणाली, चिप, म्हणजे कापून उडणारा कीस, जाडसर निघाली की उष्णता चिपबरोबरच निघून जाते, जॉब तापतच नाही. मला ते मढ्याला हात लावल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी कापलेला जॉब गरम असायचा. काम झालं आहे हे हाताला कळायचं.

वेळ लागला सतरा मिनिटं वीस सेकंद. नितेशने टाळी वाजवली. अक्षताने केस सोडून परत बांधले. ती खूश झाली की तसं करते.

मीही खूशच आहे. फक्त कोपऱ्यातला आवाज मला बरा वाटला नाही. त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी. ४.१५.

नोंद करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

मशीनच्या स्क्रीनखाली एक गोल नॉब आहे, फीडचा. शंभरवर असला की टेबल प्रोग्रॅमप्रमाणे धावतं. कमी केला की हळू. माझ्या जुन्या मशीनला हँडल होतं, कटर किती दमला आहे ते तळव्याला समजायचं. आता सगळं काचेच्या आत चालतं. माणसाच्या हाताला धरायला हा एवढा एक नॉब राहिला आहे.

अक्षता मुलुंडला कटर आणायला गेली. नितेश जेवायला. मशीन माझ्या भरवशावर. पहिला कोपरा आला, तो आवाज आला. मी नॉब साठवर आणला. फक्त कोपऱ्यापुरता. आवाज लगेच माणसात आला.

मग चहावाला आला. चहावर साय. ती बोटाने काढून टाकेपर्यंत आणि बोट पुसायला फडकं शोधेपर्यंत वेळ गेला. नॉब साठवरच राहिला असावा.

चोवीस मिनिटं. चिप नाहीच, नुसती पूड पडली. कटरच्या दातांना ॲल्युमिनियम चिकटलेलं, म्हाताऱ्याच्या दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं. बघवेना.

अक्षता आल्यावर मी तिला माझा निष्कर्ष सांगितला: कटर बनावट आहेत. तिने कटर भिंगाखाली धरला आणि म्हणाली, हा घासलाय, बाबा. कापलेला नाही, घासलाय. मी म्हणालो, बनावट असला की घासतोच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. संध्याकाळी, घर.

अक्षताने जेवणाआधी मला समजावलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, फेरे तेवढेच ठेवून फीड कमी केलं, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला इतका पातळ माल येतो की दात शिरतच नाही, वरून घासत जातो. घासला की तापतो, तापला की माल चिकटतो, चिकटला की कटर तुटतो. जितकं जपून चालवाल तितकं लवकर मराल.

मी म्हणालो, हे पुस्तकात ठीक आहे.

शेवंती, माझी बायको, विळीवर टोमॅटो चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ह्यात न कळण्यासारखा काय आसा? टोमॅटो विळयेर हळूहळू घासलास तर चिरता की चेंगारता?

दोघी हसल्या. टोमॅटो आणि ॲल्युमिनियममध्ये फरक आहे, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. कोशिंबिरीत बिया फार होत्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

संकल्प: नॉबला हात लावायचा नाही. कोपऱ्यातही नाही.

११.१०. हात खिशात ठेवले आहेत.

११.४०. उजवा खिसा फाटका आहे, हात सारखा मांडीला लागतो. काढला.

१२.०५. ऐंशीवर केला. ऐंशी म्हणजे न केल्यासारखंच.

१२.३०. सत्तर.

१२.५०. कटर तुटला. काचेवर गोळी बसावी तसा आवाज झाला. तुकडा कूलंटमध्ये पडला, तो शोधायला नितेशने कोपरापर्यंत हात त्या नासक्या पाण्यात घातला आणि तोच हात पँटला पुसला. माणसं अशी का असतात?

अक्षताने विचारलं, कसा तुटला? मी म्हणालो, अचानक. हे खोटं नाही. तुटला तो अचानकच.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

आज अक्षता दिवसभर मशीनपाशी उभी. आठ डबे. सतरा पंचवीस, सतरा वीस, सतरा वीस, असे एका सुरात. मी लांब स्टुलावर बसून होतो. दिवस वाया गेला. डबे सगळे एकसारखे, वेगळा एकही नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी. घर.

मोबाइलवर हाय स्पीड मिलिंगचे व्हिडिओ पाहिले. परदेशी माणूस, इस्त्रीचा टी-शर्ट, नखं स्वच्छ. अशा माणसाने कधी मशीन चालवलं असेल यावर माझा विश्वास नाही. गाळ्याची फरशी इतकी पांढरी की जेवून घ्यावं. आमच्या इस्टेटच्या जिन्यात प्रत्येक कोपऱ्यावर पानाची पिंक, आणि हे बघा.

टेबल धावताना डोळ्याला काही धड दिसेना, म्हणून निधीने व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावून दिला. तेव्हा मात्र काम सुरेख दिसलं. प्रत्येक वळसा कळत होता. म्हणजे माझंच खरं आहे. यांनीही मुळात सावकाशच करायला हवं होतं.

निधी म्हणाली, आजोबा, व्हिडिओ हळू केला म्हणून मशीन हळू होत नाही. नऊ वर्षांची आहे. हे बोलणं कुठून शिकली मला ठाऊक आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. ५ वाजता.

अंधेरीहून सुलक्षणा मॅडम आल्या. कंपनीच्या खरेदी खात्याच्या. पांढरे बूट घालून गाळ्यात. बाहेर गटार तुंबलेलं, त्यातून उडी मारून आल्या आणि बुटाचा तळवा बघत म्हणाल्या, मेस्त्री, तुमच्याकडे येताना पासपोर्ट लागत नाही, पण लस टोचून यावं लागतं. मी हसलो नाही. बाई बरोबर बोलली होती, तेच मला आवडलं नाही.

तीन डबे त्यांच्या समोर करायचे होते. हातात घड्याळ.

पहिला सतरा मिनिटं दहा सेकंद. मॅडमनी मान डोलावली.

मग अक्षता त्यांना माप घ्यायच्या टेबलाकडे घेऊन गेली. नितेश डबा पुसून तिकडे देत होता. मशीनपाशी मी. जबाबदारी फार मोठी. नेमका अशा वेळी कटर तुटला असता तर? दोन वर्षांचं काम, निधीची शाळा, सगळं त्या एका कोपऱ्यात. मी नॉब थोडा मागे घेतला. थोडाच. सगळ्यांसाठी घेतला.

दुसरा बावीस चाळीस.

तिसऱ्याला सव्वीस. कटर आधीच तापला होता, त्यामुळे आवाज आणखी वाईट, म्हणून आणखी हळू. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

मॅडम म्हणाल्या, एकच प्रोग्रॅम, एकच मशीन, आणि तीन डब्यांना तीन वेगळ्या वेळा. मला वेगाची काळजी नाही, अक्षता. मला भरवशाची आहे. गुरुवारी वीस तारखेला पुन्हा येते. सलग दहा डबे, सगळे अठराच्या आत. ही शेवटची संधी, माझ्याही वरती साहेब आहेत.

अक्षता होय म्हणाली. त्या गेल्यावर ती कटरचा डबा उघडून एकेक कटर दाताकडून बघत बसली. तिने केस बांधले नाहीत, सोडले नाहीत. मी विचारलं, चहा सांगू का? तिला ऐकू गेलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

हर्षद गाळ्यात आला. वर्षात पहिल्यांदा. तीन शिंका दिल्या आणि म्हणाला, नक्की ऑपरेटर काहीतरी करतोय. हा नितेश दिवसभर रील बघतो. याला काढा.

मी एवढंच म्हणालो, की हल्ली ऑपरेटर लोकांना मोबाइलचं वेड आहे, हे सर्वसाधारण निरीक्षण आहे.

अक्षता म्हणाली, कोणाला काढायचं ते मी ठरवीन. तू आधी नाक पूस.

नितेश बाहेर हात धूत होता. भुसा घेऊन हात चोळतो, मग साबण, मग पुन्हा भुसा. त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं की नाही कळलं नाही. बराच वेळ धुतले.

शनिवार, १५ फेब्रुवारी. दुपारी १.

लिहायला हात होत नाही, पण नोंद हवी.

अक्षताने परवा मशीनच्या मागे एक डबी लावली होती. मला वाटलं व्होल्टेजची. ती डबी फीडचा हिशेब लॅपटॉपला पाठवत होती. कुठल्या मिनिटाला नॉब कितीवर.

आज तिने नितेशला आणि मला बोलावून ग्राफ दाखवला. सरळ रेघ, शंभरवर. मग खड्डा. मग सरळ रेघ. मग खड्डा. काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी खड्डा. चार वाजता खड्डा. ती म्हणाली, मी बाहेर गेले की खड्डा पडतो.

मी म्हणालो, व्होल्टेज.

ती म्हणाली, बाबा, व्होल्टेज कमी झालं तर मशीन बंद पडतं. नॉब आपोआप साठवर जात नाही.

ग्राफमध्ये हात कुणाचा ते लिहिलेलं नसतं. हे मी मनात म्हणालो.

नितेशने माझ्याकडे पाहिलं. काल एक वाजून दहा मिनिटांनी तो जेवायला गेला होता. हे त्याला माहीत, मला माहीत. मग तो म्हणाला, वहिनी, माझाच हात लागला असेल. सवय आहे जुन्या मशीनची. सॉरी.

नितेश बत्तीस वर्षांचा आहे. जुनं मशीन त्याने कधी चालवलेलं नाही.

अक्षताने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ठीक आहे, म्हणाली. लॅपटॉप मिटला.

नंतर तो माझ्याकडे कटिंग चहा घेऊन आला. म्हणालो, हे तू काय बोललास? तो म्हणाला, मेस्त्री, टेन्शन नको. मला काढलं तर समोरच्या गाळ्यात उद्या लागतो कामाला. तुम्हाला कोण घेणार, यार?

चहा प्यालो. मग मोरीत जाऊन ओकलो. चहा खराब असणार.

रविवार, १६ फेब्रुवारी.

संकल्प: उद्या गाळ्यात शिरल्या शिरल्या अक्षताला सांगायचं: नितेश नव्हता. वाक्य तयार आहे. तीन शब्दांचं आहे.

शेवंतीने विचारलं, तोंड असा काय केलास, एरंडेल घेतल्यासारखा? काही नाही म्हणालो. ती म्हणाली, तुमका हात घडी घालून गप बसाक काय होता हो, एकदा तरी? मी चमकलो. मी तिला काहीच सांगितलेलं नाही. बायका हवेतच काहीतरी बोलतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

सांगितलं नाही. कारणं: सकाळी टाकीचा वास इतका होता की तोंड उघडवेना. अकरा वाजता ती फोनवर. बारा वाजता कटरवाला आला, परक्या माणसासमोर घरचं काय बोलणार? तीन वाजता वेळ होती.

तीन वाजताचं लिहितो.

मशीन चालू. अक्षता शेजारीच उभी, सुलक्षणा मॅडमशी फोनवर बोलत होती, वीस तारखेची वेळ ठरत होती. नितेश पलीकडे ठोकळे रचत होता. कोपरा आला. तो आवाज. माझा हात उचलला गेला आणि नॉबवर गेला. तिच्यासमोर. मी ठरवलं नव्हतं. मी ठरवून कधीच केलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. हात माझा, पण त्याला विचार माझा लागत नाही. पन्नास वर्षं तो असाच कोपऱ्यात मागे आला आहे.

अक्षताने बोलणं थांबवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. हो मॅडम, अकरा चालेल, असं म्हणत तिने हात पुढे करून नॉब परत शंभरवर नेला. निधीच्या कपाळावरचे केस बाजूला सारते ना, तसा. काही विशेष न केल्यासारखा. बऱ्याचदा केल्यासारखा.

नितेशनेही पाहिलं नाही. दोघांनीही न पाहण्याची एवढी काळजी घेतली, की मला समजलं.

तिला पहिल्यापासून माहीत आहे. पाच तारखेपासून. बनावट कटर म्हणालो तेव्हापासून. डबी नितेशला पकडायला लावली नव्हती. मला दाखवायला लावली होती, मी आपणहून बोलेन म्हणून. आणि मी व्होल्टेज म्हणालो.

टेबल शंभरवर धावत होतं. कोपऱ्यात काही झालं नाही. आजवर शंभरवर असताना एकही कटर तुटलेला नाही. हे आज वही चाळताना लक्षात आलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

महत्त्वाची कामगिरी आली आहे.

अक्षता म्हणाली, बाबा, रुक्मिणीआत्यांचं शिलाई मशीन अडलंय. दोन मेकॅनिक बघून गेले, कुणाला जमलं नाही. तुमच्याशिवाय होणार नाही. गुरुवारी सकाळीच जा ट्रॉम्बेला.

मी म्हणालो, गुरुवारी तर ट्रायल आहे.

ती म्हणाली, म्हणूनच. इकडचं आम्ही बघतो. झालं की लगेच फोन करते. तुम्ही मात्र करू नका, मॅडमसमोर घेता येणार नाही.

रुक्मिणी माझी धाकटी बहीण. तिचं मशीन मी तिच्या लग्नात जोडून दिलेलं आहे, तेव्हा माझंच नाव निघणं साहजिक आहे. पाने, पेचकस, तेलाची बुधली बांधून ठेवली. ट्रायलच्या दिवशी अनुभवी माणूस बाहेर पाठवणं धोक्याचं आहे, पण अडलेल्याला नाही म्हणायची माझी रीत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

सुट्टी. पेचकस पुन्हा पुसले. नितेशबद्दल सांगायचं राहिलं. अक्षता प्रोग्रॅम तपासत होती, तिचं लक्ष उडवणं बरोबर नव्हतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी. ट्रॉम्बे. १०.३०.

पोहोचलो. रिक्षात सीटखाली कुणाची तरी केळ्याची साल, चपलेला लागली. मशीन उघडतो.

१०.५०. मशीन उघडलं. साफ केलं. चिंधी घालून चालवून पाहिलं. टीप सरळ.

११.००. तिकडे सुरू झालं असेल.

११.१५. रुक्मिणीला म्हणालो, याला काय झालं होतं? ती म्हणाली, काय एक झाला नाय रे दादा. तुझ्या सुनेचो फोन इल्लो, दादाक दिवसभर ठेवून घे म्हणाली. तांदळाची भाकरी करतंय, जेव नि पड जरा.

मी म्हणालो, मला माहीत होतं. 

खरंच माहीत होतं. परवापासून. वर अडलेल्याला वगैरे जे लिहिलं आहे ते कुणासाठी लिहिलं कोण जाणे. ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

१२.२०. चार डबे झाले असतील. किंवा तीन.

१.१०. भाकरी चांगली होती. माशाला वास होता. नाही, नव्हता. मासाही चांगला होता.

२.३०. जॉब लावणं काढणं धरून दहा डबे आत्तापर्यंत व्हायला हवेत. फोन नाही. रुक्मिणीच्या खिडकीतून खाडी दिसते, चिखल, प्लास्टिक, त्यात उभे बगळे. सकाळपासून बघून शिसारी आली आहे.

२.५०. अक्षताला मेसेज टाईप केला. नितेश नव्हता. तीन नाही, दोनच शब्द झाले. खाली लिहिलं, मी होतो. पाठवला. फोन करू नका म्हणाली होती, मेसेजचं बोलली नव्हती. एकच टिक आली आहे.

३.२०. अजून एकच टिक. तिने मोबाइल बंद ठेवला असेल. मॅडमसमोर ते बरोबरच आहे.

३.३५. सकाळपासून एक हिशेब मांडून बसलो आहे. सगळे डबे अठराच्या आत निघाले, तर दोष माझ्या हाताचा होता हे सिद्ध झालं, आणि त्या गाळ्यात मला पुन्हा मशीनपाशी कुणी उभं करणार नाही. करूही नये. एक जरी डबा वर गेला, तर मशीनमध्ये, कटरमध्ये, पद्धतीत कुठेतरी खोट होती, माझं बोलणं खरं ठरलं, आणि अक्षता चाकणला गेली.

दुपारी बारापर्यंत मला ठरवता येत नव्हतं की काय मागावं. हे लिहायची लाज वाटते. पण खरं आहे. बारापर्यंत नव्हतं ठरत.

आता ठरलं आहे. सतरा वीस निघू दे. दहाच्या दहा. नॉबला कुणाचाच हात लागू नये.

३.५०. रुक्मिणी विचारते, चहा ठेवू की निघतोस? कुठे निघू? घरी जायचं की गाळ्यात यायचं ते तू सांगितलं नाहीस. अक्षता, ही वही तू वाचणार नाहीस, तरी लिहितो. मला गाळ्यात येऊ नका म्हणायचं असेल तरी चालेल. स्टुलावर बसा म्हणालीस तरी चालेल, हात मांडीखाली घेऊन बसेन. फक्त किती मिनिटं लागली ते कळव. दहाव्या डब्याला किती लागली तेवढं तरी. लवकर कळव.